चढत्या वाटा, उतरते पाणी : भिवपुरीच्या स्थानिक इतिहासाची प्रस्तावना

कर्जत लोकलने येणाऱ्याला भिवपुरी माहीत असते ती नेरळ आणि कर्जत यांच्या मधले स्टेशन म्हणून. पावसाळ्यात रविवारी तिथे उतरणारी गर्दी आषाण्याच्या धबधब्याकडे वळते आणि संध्याकाळी ओल्या कपड्यांनी परतीची गाडी पकडते. स्टेशनाच्या पाटीवर मात्र नाव आहे ‘भिवपुरी रोड’. नाशिक रोड, वसई रोड यांच्यासारखेच हे नाव. गाव आत आहे, इथून वाट धरा, एवढेच ते सांगते. मूळ भिवपुरी कर्जतच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या भिंतीला पाठ लावून वसली आहे. वर पठारावर मावळ, कुसूर गाव आणि आंध्रा नदीचे खोरे. खाली पेज नदी, भाताची खाचरे, ठाकूरवाड्या आणि कातकरवाड्या. या मुलखाचा इतिहास समजून घ्यायचा तर स्टेशन सोडून त्या भिंतीपर्यंत यावे लागते. तिथवर येऊ इच्छिणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. ते इतिहासाचे पदवीधर असोत, जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक असोत, की आपल्या बांधावरचा कोरीव दगड कुणाचा, असा प्रश्न पडलेले शेतकरी असोत.

घाटपायथ्याच्या गावाचा इतिहास राजघराण्यांच्या क्रमाने लावायला गेले तर हाताला फारसे काही लागत नाही. सातवाहन, शिलाहार, यादव, निजामशाही, मराठे, इंग्रज अशी यादी तयार होते आणि प्रत्येक नावापुढे भिवपुरीच्या वाट्याला जेमतेम अर्धी ओळ येते. अशा यादीने गावकरीही खट्टू होतात. आपल्याकडे काही घडलेच नाही असे त्यांना वाटू लागते. तोच इतिहास वाटा आणि पाणी धरून लावून पाहा. कोकणातून देशावर चढणाऱ्या वाटांनी इथे भिक्षू, व्यापारी, फौजा आणि पाठीवर गोण्या लादलेले बैल आणले. देशावरून खाली उतरवलेल्या पाण्याने गेल्या शंभर वर्षांत इथली नदी, शेती आणि रोजगार बदलून टाकला. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतल्या बहुतेक मोठ्या खुणा यांपैकी एका धाग्यावर नीट ओवता येतात, आणि मग अर्ध्या ओळीचे गाव मध्यभागी येऊन बसते. या क्षेत्रात नव्याने पाऊल टाकणाऱ्याने हे सूत्र जवळ ठेवावे असे मला मनापासून वाटते.

वाटांपासून सुरुवात करू. सर्वांत जुनी ठळक खूण म्हणजे राजमाचीच्या पोटातली कोंडाणे लेणी. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासची ही हीनयान लेणी आज रानात एकटी पडल्यासारखी वाटतात. पावसाळ्यात तर त्यांच्या तोंडावरून पाण्याचा पडदा कोसळत असतो. पण ती एकटी नव्हती. वरच्या अंगाला कार्ले, भाजे आणि बेडसे, खालच्या अंगाला कल्याण आणि सोपारा ही बंदरे, आणि मधल्या चढणीवर कोंडाणे, असा तो माग होता. चैत्याच्या दर्शनी भागाकडे नीट पाहावे. कारागिरांनी लाकडी इमारतीतल्या तुळया, वासे आणि जाळ्या जशाच्या तशा दगडात उतरवल्या आहेत. ज्या हातांना सुतारकामाची सवय होती त्यांनीच छिन्नी धरली, हे त्या सांध्यांवरून कळते. चैत्याच्या कमानीशेजारी एका भव्य मूर्तीचा भंगलेला भाग आहे आणि तिच्या मस्तकालगत ब्राह्मी लिपीतली छोटीशी ओळ. कण्ह नावाच्या कुणाचा शिष्य बलुक याने हे केले, एवढाच तिचा मजकूर. त्यात राजाचे नाव नाही, दानाची रक्कम नाही. या तालुक्याच्या लेखी इतिहासात इतक्या आरंभी भेटणारा माणूस एका गुरूचा शिष्य आणि हाताने काम करणारा आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कोथळीगडाजवळचे आंबिवलीचे लेणे हे याच वाटांच्या जाळ्यातले आणखी एक ठाणे.

किल्ल्यांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून इथे रेंगाळत नाही. राजमाची, ढाक, कोथळीगड, वदपजवळचा लहानसा भिवगड, खालापूरकडचा इर्शाळगड, सोंडाई ही नावे नकाशावर टिंबांनी मांडा आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या घाटवाटा रंगवा. कोणता किल्ला कोणत्या वाटेवर नजर ठेवायला होता ते आपोआप समोर येईल. वाट हातात असणे म्हणजे काय, याचा धडा खालापूर तालुक्यात चावणीजवळच्या उंबरखिंडीत मिळतो. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शाइस्ताखानाने पाठवलेला कारतलबखान कुरवंड्याच्या घाटाने फौज घेऊन उतरला आणि झाडीत दडलेल्या शिवाजी महाराजांच्या लोकांनी त्याला पुढूनही आणि मागूनही कोंडले. सोबतच्या मोगल सरदारीण रायबागनने शरण जाण्याचा सल्ला दिला, खंडणी देऊन सुटका झाली. या लढाईत तलवारीइतकेच काम भूगोलाने केले. खिंडीतून एकदा चालून आल्यावर हे कुणाला वेगळे सांगावे लागत नाही.

भिवपुरीची स्वतःची वाट म्हणजे कुसूर घाट. मावळातल्या कुसूर गावाहून निघून ही वाट थेट भिवपुरीत उतरते. गाडीरस्ते नव्हते तेव्हा मालाची ने-आण बैलांच्या पाठीवरून व्हायची. कोकणातून मीठ, तांदूळ, सुकी मासळी वर आणि देशावरून धान्य, डाळी, गूळ खाली. अशा वाटेवर दिवसभराची चढण सुरू करण्याआधी किंवा उतरण संपल्यावर माणसाला आणि जनावराला पहिल्यांदा लागते ते पाणी. भिवपुरीत घडीव दगडांचा जो जुना तलाव आहे त्याचा उलगडा इथे होतो. जुन्या नोंदींत हा तलाव पार्वतीबाईंच्या नावाशी जोडलेला आहे. पानिपतावर १७६१ मध्ये पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या या पत्नी, माहेरच्या पेणच्या कोल्हटकर. भाऊ परत येतील या आशेवर त्यांनी वैधव्य पत्करले नाही, असे सांगतात. पेशव्यांच्या इतिहासात त्यांची आठवण निघते ती बहुधा एवढ्याच कथेपुरती आणि पुढे भाऊ म्हणवून घेणाऱ्या तोतयाच्या प्रकरणापुरती. भिवपुरीचा तलाव त्यांना दुसऱ्या एका नात्याने समोर आणतो: घाट चढणाऱ्या अनोळखी वाटसरूंच्या तहानेची सोय करणारी बाई म्हणून.

आता याच्याशेजारी खोपोलीचा तलाव ठेवून पाहा. बोरघाटाच्या पायथ्याशी विरेश्वराचे देऊळ आणि त्यालगतचा मोठा तलाव नाना फडणिसांनी बांधला. दोन घाट, दोन्ही घाटांच्या पायथ्याशी दोन बांधीव तलाव, आणि दोन्हींमागे पुण्याच्या दरबारातली माणसे. हा योगायोग नव्हे. देश आणि कोकण यांची देवघेव पुण्याला किती महत्त्वाची वाटत होती, त्या देवघेवीची नाडी नेमकी कुठे लागते, हे या दोन तलावांवरून बखरींपेक्षा अधिक स्पष्ट कळते. पुण्याचा कारभार पुण्यात बसून वाचायची आपल्याला सवय आहे. तो घाटपायथ्याशी बसूनही वाचता येतो. भिवपुरीच्या तलावावर जाल तेव्हा फोटो काढून लगेच परतू नका. पायऱ्यांची झीज कोणत्या बाजूला जास्त आहे, पाणी आत कुठून येते आणि जादा झालेले कुठून निघते, जनावरांना उतरायला वेगळी जागा ठेवली होती का, दगडांवर पाथरवटांच्या खुणा आहेत का, हे बघा आणि तिथल्या तिथे लिहून काढा. काठावर कपडे धुणाऱ्या बायकांना विचारा की उन्हाळ्यात पाणी कुठवर उतरते. तलावाबद्दल सर्वांत जास्त त्यांना माहीत असते.

पुढे या वाटांचे नशीब फिरले. १८३० मध्ये बोरघाटातून चाकांच्या गाड्यांसाठी रस्ता खुला झाला. १८५६ मध्ये रेल्वे पळसदरीवरून खोपोलीपर्यंत पोहोचली आणि काही वर्षे घाटमाथ्यावर जाणारे उतारू तिथे उतरून डोली, घोडा किंवा गाडी करत. १८६३ मध्ये बोरघाटातला लोहमार्ग पुरा झाल्यावर मुंबई आणि पुणे थेट जोडले गेले. या कामाचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांचे नाव इतिहासात आहे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारले आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी ते कंत्राट शेवटास नेले, हेही अलीकडे लोकांना ठाऊक होऊ लागले आहे. पण ऐन भरात चाळीस हजारांच्या आसपास मजूर या घाटात राबत होते आणि पटकीने त्यांच्यातले कितीतरी दगावले. ते कुठून आले, काम संपल्यावर कुठे गेले, कोणत्या वाड्यांत मिसळून गेले, हा स्थानिक इतिहासाचा प्रश्न आहे आणि त्याचे काही धागे इथल्या आडनावांत, देवकांत आणि कुळकथांत सापडू शकतात. बोरघाट असा भरभराटीला आला तसा कुसूर घाट ओसरला. बैलांचे तांडे थांबले. वाट गुराख्यांची, मावळात लेकी दिलेल्या सोयऱ्यांची आणि डोंगर चढायला येणाऱ्या पोरांची उरली.

विसाव्या शतकात घाटावरून खाली येऊ लागले ते पाणी. सह्याद्रीचा कडा आणि माथ्यावरचा पाऊस यांच्यापासून वीज करायची, ही योजना जमशेटजी टाटांच्या पश्चात १९१० नंतर आकाराला आली. खोपोलीचे वीजघर १९१५ मध्ये सुरू झाले. मग १९१६ मध्ये आंध्रा व्हॅली पॉवर सप्लाय कंपनी निघाली, ठोकळवाडीला आंध्रा नदीवर धरण झाले, डोंगरातून पाणी आणून प्रचंड नळांमधून कड्यावरून खाली सोडले, आणि १९२२ मध्ये भिवपुरीचे वीजघर चालू झाले. मुंबईच्या गिरण्यांचे पट्टे या पाण्याच्या जोरावर फिरले. भिवपुरीला टाटांची वसाहत उभी राहिली आणि घाटपायथ्याच्या गावात भोंगा आणि पाळीचा हिशेब आला.

इथे अभ्यासकाने डोंगराच्या दोन्ही बाजू पाहायला हव्यात. वर मावळात आंध्रेच्या खोऱ्यातली शेते जलाशयाखाली गेली. याच मालिकेतल्या मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, म्हणून मुळशीचे दुःख मराठी माणसाच्या स्मरणात राहिले. आंध्रेच्या खोऱ्याच्या वाट्याला तेवढे स्मरण आले नाही. आणि खाली कर्जतमध्ये याच पाण्याने जे केले तेही तितकेच अभ्यासण्याजोगे आहे. वीजघरातून सुटलेले पाणी पेज नदीत येते. त्यामुळे एरवी शिमग्यानंतर आटून जाणारी नदी बारमाही झाली. त्या पाण्यावर राजनाला कालवा चालतो आणि कालव्याखालच्या गावांत उन्हाळी भात होतो. मे महिन्यात, बाकीचे कोकण करपलेले असताना, कर्जतच्या काही शिवारांत हिरवी खाचरे डुलताना दिसतात ती यामुळे. पेज पुढे उल्हासला मिळते आणि बदलापूर, उल्हासनगर, कल्याणकडच्या लाखो घरांच्या नळाला हेच पाणी जाते.

आंध्रा नदी इंद्रायणीची, इंद्रायणी भीमेची आणि भीमा कृष्णेची. म्हणजे जे पाणी पूर्वेला बंगालच्या उपसागरात जायचे ते भिवपुरीच्या नळांतून पश्चिमेला वळले आणि वसईच्या खाडीने अरबी समुद्रात जाऊ लागले. आज सोलापूरसारख्या कोरड्या जिल्ह्यांसाठी हे पाणी पुन्हा पूर्वेकडे वळवावे ही मागणी होत असते आणि दुसरीकडे उल्हासकाठची वस्ती त्यावर अवलंबून आहे. एका गावाच्या इतिहासात दोन समुद्र आणि दोन खोऱ्यांचा वाद सामावलेला असावा, हे विरळा. भिवपुरीचा इतिहास लहान आहे असे म्हणणाऱ्याला मी नेहमी पेजेच्या काठावर नेतो.

या विजेच्याच तारांवर इथल्या स्वातंत्र्यलढ्याचा सर्वांत धगधगता अध्याय लिहिला गेला. माथेरानला १ डिसेंबर १९१२ रोजी जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल हे नाभिक समाजातले, शिकून वकील झालेले. पावसाळ्याच्या तोंडावर सावकाराच्या दारात उभ्या राहणाऱ्या आदिवासी आणि लहान शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठ्या काढल्या, मुलांसाठी शाळा चालवल्या. १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या ‘आझाद दस्ता’ या भूमिगत तुकडीने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडायला सुरुवात केली आणि सरकार हादरले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानात पोलिसांशी झालेल्या चकमकीत कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील यांना वीरमरण आले. दर वर्षी २ जानेवारीला सिद्धगडावर लोक जमतात. कोतवालांची चरित्रे आहेत, चित्रपटही निघाला आहे. परंतु दस्त्याला भाकरी कुणी पोहोचवली, कुणाच्या माळ्यावर करवती लपल्या, रानातल्या वाटा कुणी दाखवल्या, ही माहिती अजून घरोघर विखुरलेली आहे आणि ती सांगणारी पिढी आता नातवंडांची, पतवंडांची झाली आहे. ती गोळा करणे हे तातडीचे काम आहे.

कागदांकडे वळताना एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे नव्या माणसाचा वेळ वाचेल. कर्जत आज रायगड जिल्ह्यात आहे म्हणून तुम्ही १८८३ चे कुलाबा गॅझेटिअर उघडाल आणि त्यात कर्जत सापडणार नाही. कारण हा तालुका १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. खालापूर तेव्हा त्याचाच महाल. म्हणून जेम्स कॅम्बेल यांनी १८८२ मध्ये सिद्ध केलेले ठाणे जिल्ह्याचे खंड पाहा. वरच्या अंगाच्या घाटवाटांसाठी पुण्याचे खंडही लागतात, कारण घाटाचा माथा एका जिल्ह्यात आणि पायथा दुसऱ्यात. कुलाब्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले. जुन्या इंग्रजी कागदांत या मुलखाचा नसरापूर असा उल्लेख येतो, आणि खोपोली कॅम्पूली होऊन भेटते. जुन्या दप्तरांसाठी मुंबईचे पुराभिलेखागार आणि पुण्यातले पेशवे दफ्तर, वीजप्रकल्पासाठी पुण्यातले टाटा सेंट्रल आर्काइव्हज ही ठिकाणे आहेत. पण पुण्यामुंबईला धावण्याआधी तलाठ्याकडे बसा. गावनकाशा, जुने सातबारा, फेरफार नोंदी यांत पाणंदी, इनाम जमिनी, देवस्थाने, गुरचरण, स्मशान यांचा माग असतो. घाटाकडे जाणारी एखादी पाणंद नकाशावर गाडीवाटेहून रुंद दिसली, तर ती तशी का, हा प्रश्न तुम्हाला थेट बैलांच्या तांड्यांपर्यंत घेऊन जाईल.

कागदाइतकेच दगडही वाचायला शिकावे लागते. देवळाच्या आवारात, पिंपळाच्या पारावर किंवा शेताच्या बांधावर उभा असलेला कोरीव दगड बहुतेक वेळा वीरगळ असतो. खालच्या चौकटीत लढाई, मधल्यात वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्यात शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. चौकटी खालून वर वाचायच्या. उत्तर कोकणात शिलाहारांच्या राज्यात, म्हणजे साधारण नवव्या ते तेराव्या शतकात, दान दिलेल्या जमिनीच्या सीमेवर गधेगळही उभे करत. दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी त्यावर चित्राने कोरलेली असते. अलिबागजवळच्या अक्षीचा प्रसिद्ध शिलालेख अशाच दगडावर आहे. हे चित्र अश्लील म्हणून काही ठिकाणी असे दगड पालथे घातले जातात, कुठे पायरीला लावले जातात. जीर्णोद्धाराच्या उत्साहात ऑइलपेंटचे थर चढवणे किंवा सिमेंटमध्ये वीरगळ गाडून टाकणे हे तर सर्रास चालते. गावकऱ्यांवर डोळे वटारून यातले काही थांबत नाही. दगडावर काय कोरले आहे ते शेजारी बसून समजावून सांगितले की तेच लोक त्याच्याभोवती कठडा बांधतात.

लेणे कुणी कोरले असे विचारले तर बहुधा उत्तर येते, पांडवांनी, एका रात्रीत. भीमाच्या नावाने तर हा सगळा पट्टा भरलेला आहे. अशा कथांना हसू नये आणि त्यांची इतिहासाशी गल्लतही करू नये. पांडवांची कथा कोंडाण्याची तारीख सांगत नाही. बौद्ध भिक्षू निघून गेल्यावर शेकडो वर्षे ज्या लोकांनी त्या रानात गुरे चारली त्यांनी या अजस्र कामाचा अर्थ कसा लावला, हे ती सांगते. ढाकच्या कड्यातला बहिरी, वाघबारशीला पुजला जाणारा वाघदेव, वाडीच्या वेशीवरची गावदेवी यांच्याकडेही असेच पाहावे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी कार्ले-भाजे परिसरातल्या देवींची ठाणी, जुन्या वाटा आणि सूक्ष्म दगडी हत्यारे यांचा मेळ पायी हिंडून घातला आणि १९६२ मध्ये ‘मिथ अँड रिअॅलिटी’ हे पुस्तक दिले. हेच कोसंबी मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जाण्यासाठी पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करीत, म्हणजे कर्जतवरूनच. त्यांची पद्धत घाटाच्या वरच्या अंगाला जेवढी वापरली गेली तेवढी खालच्या अंगाला वापरली गेलेली नाही. भिवपुरीच्या बाजूने ते काम करायला पुष्कळ जागा आहे.

इथली माणसे इतिहास लिहीत नाहीत, असे कुणी म्हणाले तर शेजारच्या पेण तालुक्यातले वरसई आठवावे. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत सापडून परतलेले विष्णुभट गोडसे वरसईचे. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापून आला आणि भिक्षुकीसाठी निघालेल्या एका साध्या ब्राह्मणाची वही बंडाचे महत्त्वाचे साधन ठरली. पायपीट करून महाराष्ट्रभरचे कागद जमवणारे आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे करणारे वि. का. राजवाडेही वरसईतच जन्मले.

गावोगावच्या आठवणी गोळा करण्याचे बाहेरचे एक उदाहरण मला फार उपयोगी वाटते. आयर्लंडमध्ये १९३७ ते १९३९ या काळात तिथल्या लोककथा आयोगाने प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गांच्या मुलांना वह्या दिल्या. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहा, असे सांगितले. गावातली पडकी घरे, पवित्र विहिरी, जमीनदार, दुष्काळाच्या आठवणी, पुरलेल्या धनाच्या गोष्टी, शेतांची नावे, औषधी पाले असे विषय ठरवून दिले. सुमारे पाच हजार शाळांतल्या पन्नास हजार मुलांनी ते काम केले. आज त्या वह्या तिथल्या प्रत्येक खेड्याच्या अभ्यासाचा पाया आहेत. आपल्याकडे चौथीत परिसर अभ्यास आहे. कर्जत तालुक्यातल्या एकेका शाळेने एकेक वही सुरू केली आणि शिवारातल्या जागांची नावे, झऱ्यांच्या जागा, घाटवाटांच्या आठवणी, वीजघरावर कामाला गेलेल्या आजोबांची हकिकत तीत उतरली, तर पाच वर्षांत असा ठेवा जमेल जो कोणत्याही दप्तरखान्यात नाही. ठाकूरवाडीतल्या मुलांच्या वह्या यात सर्वांत भरीव निघतील, असा माझा विश्वास आहे. डोंगराच्या प्रत्येक सोंडेला, प्रत्येक पाणथळीला त्यांच्याकडे नाव असते.

आणि ही नावे केवळ अभ्यासाची हौस भागवत नाहीत. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा करताना पुरावा म्हणून काय चालते, ते त्याच्या नियमांत दिलेले आहे. सरकारी कागदांबरोबर विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थाने अशा पारंपरिक खुणा चालतात आणि दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले निवेदनही चालते. म्हणजे एखाद्या म्हातारीने सांगितलेली जुन्या वाडीची जागा, तिथला आंबा, तिथला वाघदेव, हे नीट टिपून ठेवले तर ते एखाद्या कातकरी कुटुंबाच्या जमिनीचा आधार होऊ शकते. म्हणून टिपण करताना आळस नको. सांगणाऱ्याचे नाव त्याच्या परवानगीने, वय, वाडी, तारीख आणि जागेची नेमकी खूण प्रत्येक नोंदीसोबत हवीच. आणि लिहून झालेली प्रत सांगणाऱ्याच्या घरी परत गेली पाहिजे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे बेपत्ता राहिली. वाचलेल्यांना चौकजवळ नवी घरे मिळाली. पण जुनी वाडी, तिची अंगणे, तिची देवाची जागा, पाण्यावर जाणारी तिची पायवाट यांची नोंद होण्याआधीच ती गेली. डोंगराच्या पोटातल्या अशा कितीतरी वाड्या या दोन तालुक्यांत आहेत. भिवपुरीतही बदल दाराशी आला आहे. १००० मेगावॉटच्या उदंचन जलविद्युत प्रकल्पासाठी टाटा पॉवर आणि राज्य शासन यांच्यात ऑगस्ट २०२३ मध्ये करार झाला. दुसरीकडे कर्जतच्या शिवारांत फार्महाऊसच्या कुंपणांनी जुन्या पाणंदी बंद होत आहेत. बदल व्हावेत की नाही हा वाद ज्याने त्याने आपल्या जागी करावा. कुदळ पडण्याआधी त्या जागेची नोंद झालेली असावी, याबद्दल मात्र वाद नसावा.

कामाला लागायचे तर दिवाळी उलटल्यावर या. भाताची कापणी झालेली असते, गवत वाळून बसते आणि बांधावरचे दगड उघडे पडतात. कोरीव कामाचे फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात घ्या. दुपारी तीच पुसट अक्षरे दिसेनाशी होतात. अक्षरांवर खडू किंवा पीठ चोळू नका. कुसूर घाट चढताना स्थानिक माणूस सोबत घ्या आणि त्याच्या दिवसाची मजुरी आधी ठरवा. वाडीवर माणसे संध्याकाळी भेटतात, दिवसा ती रानात किंवा कामावर असतात. वर्षातून एकदा, मे महिन्यात, राजनाल्याच्या कडेने जरूर चाला. आणि जून ते सप्टेंबर घाटात न जाता तलाठी कार्यालय, दप्तरखाने आणि शाळांच्या वह्या यांच्यासाठी ठेवा.